पहिल्या बॅचचा हातगुण

७ ऑगस्ट

प्रयोगाच्या वहीत काय केलं आणि काय दिसलं एवढंच लिहायचं, असा आमच्याकडे दंडक आहे. तिथे रडगाणं चालत नाही. म्हणून ही दुसरी वही. उद्या माझं काही बरंवाईट झालं आणि ही लेकीच्या हाती पडली, तर तिला समजावं म्हणून सुरुवात जरा सविस्तर करतो. तिला प्रोटीन म्हटलं की जांभई येते.

तर बाळ, आपल्या आतड्याच्या अस्तरातून एक प्रोटीन पाझरतं. बाहेरून घुसलेल्या जंतूंना ते जागच्या जागी गार करतं, असा तुझ्या बापाचा दावा आहे. आतड्यातून काढायला गेलं तर थेंबभरसुद्धा मिळत नाही. म्हणून त्याचं जनुक साध्या, गरीब जंतूंमध्ये घालायचं आणि त्यांच्याकडून ते करवून घ्यायचं. जंतूंकडूनच जंतूंचा मारेकरी घडवायचा. त्याने कारखानाच खाऊन टाकू नये म्हणून त्याला आधी मुसकं बांधलेलं असतं, ते शेवटी कापायचं. आम्ही त्याला हवालदार म्हणतो. बाटलीवर ‘फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे हा हवालदार कुणाच्या पोटात जायचा नाही. संशोधकांनी त्याच्यावर डोकं फोडायचं, एवढाच त्याचा उपयोग.

गेल्या वर्षी त्याची पहिली बॅच मी एकट्याने केली. शुद्धीकरण हे खरं तुझ्या आईचं काम, पण ती तुझ्या मावशीच्या ऑपरेशनसाठी गेली होती आणि मला त्या आठवड्यात संस्थेच्या साहेबांना काहीतरी दाखवणं भाग होतं. नवा कॉलम, म्हणजे प्रोटीन गाळायची नळी, खोक्यातून काढला, लावला, आणि संध्याकाळी हवालदार बाटलीत. आई असती तर नुसता कॉलम धुण्यातच दिवस गेला असता. मग जंतूंच्या नळ्यांत हवालदार घातला. सकाळी नळ्या पिण्याच्या पाण्यासारख्या नितळ. एकही जंतू वाढला नव्हता. शेजारी नुसता बफर, म्हणजे हवालदार ज्यात विरघळवतो ते क्षारांचं पाणी, घातलेल्या नळ्या गढूळ, म्हणजे तिथे जंतूंची चंगळ. हा पुरावा छापून आला, आणि कुठून कुठून लोकांनी हवालदार मागवला.

ती बॅच संपली. नंतरच्या चार तुझ्या आईने केल्या. आज चौथीचा निकाल लागला, आधीच्या तिन्हींसारखाच. सगळ्या नळ्या गढूळ.

११ ऑगस्ट

साहेबांनी बोलावलं. खुर्चीवर बसा म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं. एरवी ते उभ्या उभ्या बोलतात.

“एकदाच चाललेल्या गोष्टीला मी काय म्हणू?” ते म्हणाले. “तुमची खोली तिसऱ्या मजल्यावरच्या गटाला हवी आहे. ऑक्टोबर लागेपर्यंत आणखी एक बॅच चालवून दाखवा. नाहीतर माझा नाइलाज आहे.”

परत आलो तर तिसऱ्या मजल्यावरचे दोघे आमच्या दारात टेप धरून उभे. त्यांचा फ्रीज कुठल्या भिंतीला लागेल ते बघत होते. मला बघून ओशाळले आणि टेपचं टोक मीच धरावं असं काहीसं सुचवलं. मी धरलं. का धरलं ते मला अजून कळत नाही.

१९ ऑगस्ट

हिला पत्र आलं आहे. (सवयीने ‘ही’च लिहिणार. बाळ, ही म्हणजे तुझी आई.) दुसऱ्या गावातल्या मोठ्या संस्थेत शुद्धीकरण विभागाची प्रमुख म्हणून. आमच्याकडे ती इतकी वर्षं तात्पुरत्या जागेवर आहे, दर वर्षी सही करून पुढचं वर्ष मिळतं. सप्टेंबरअखेर उत्तर हवंय.

“तुला काय वाटतं?” तिने विचारलं.

“हवालदार उभा राहिला तर तू हवीसच इथे,” मी म्हणालो. हे खरंही आहे. पण त्यापेक्षा खरं ते असं की ती गेली तर मी या खोलीत आणि त्या घरात काय करायचं ते मला माहीत नाही. तेवढं काही तोंडातून निघालं नाही.

दुपारी स्वतःच्या पाचव्या बॅचसाठी ती कॉलम धूत होती. बोटाएवढ्या जाडीची काचेची नळी, आत बारीक मणी. वरून प्रोटीन घालायचं, खाली ते मीठबीठ मागे ठेवून उतरतं. कारखान्यातून येताना त्यात जंतू धरू नयेत म्हणून औषध भरलेलं असतं. हिचं धुणं म्हणजे बफरवर बफर, बफरवर बफर. मी दोनदा चहा पिऊन आलो तरी बाईंचं चालूच.

मध्येच म्हणाली, “पहिल्या वेळी तूही असाच धुतला होतास ना?”

“हो, सगळं झालं होतं,” मी म्हटलं. एवढ्यातेवढ्यावरून व्याख्यान कोण ऐकत बसेल.

२ सप्टेंबर

पाचवी गढूळ.

मी फार वाईट वागलो. बाटल्यांच्या ट्रेवर मार्करने ‘बाद’ लिहिलं, मग प्रत्येक बाटलीवरही लिहिलं. आधीच्या चारींवर पण लिहिलं. ती बाजूला उभी राहून बघत होती. मी वातावरण हलकं करायला म्हणालो, “काय करणार, हातगुण असतो एकेकाचा.” ती हसली. मला वाटलं, चला, निभावलं.

संध्याकाळी घरी भाजी करताना तिने मला हाक मारून बोलावलं. “मीठ पुरेसं आहे का बघ.” इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, तुला चव कळेनाशी झाली की काय, वय झालं आपलं. मीठ बरोबर होतं.

९ सप्टेंबर

एक मुलगी मेलवर मेल पाठवते आहे. कुठल्याशा विद्यापीठात पीएच.डी. करते, हवालदारावरच तिचा प्रबंध आहे. तिच्याकडे पहिल्या बॅचची बाटली चालली, नंतरची (निकालाची वाट न बघता मी पाठवलेली) एकही चालत नाही. “सर, बहुधा माझ्याच हातून काहीतरी चुकत असेल. माझ्या गाइडही तसंच म्हणतात. मी पुन्हा पहिल्यापासून करते.” असं तिने चौथ्यांदा लिहिलंय. मी उत्तर दिलं, की बाटली बर्फात नीट ठेवा, जोरात हलवू नका. खरं तर बर्फाचा काही संबंध नाही हे मला माहीत आहे. पण काहीतरी लिहायला हवं ना.

ही हल्ली काम करताना स्वतःशी बोलते. एकेक पायरी मोठ्याने वाचते आणि मग करते. ज्या बाईला मी डोळे मिटून कॉलम भरताना पाहिलंय ती कागदावर बोट ठेवून वाचते. माझ्या मते तिचं लक्ष उडालंय. मन त्या नव्या संस्थेत गेलं असणार. तसं असेल तर तिने सरळ सांगावं.

१६ सप्टेंबर

या वेळी बॅच मी केली. तिला म्हटलं, तू फक्त कॉलम तयार करून दे, बाकी सगळं माझं. बघू कुणाच्या हातात काय आहे.

गढूळ. माझीही गढूळ.

मला रडू यायचं बाकी होतं. आणि खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं नाही की दोष तिचा नाही. उलट माझाही आधार गेल्यासारखं झालं. मी म्हणालो, “हवालदार मेला. फ्रीजरमधलं मूळ बियाणंच खराब झालंय.” (बाळ, बियाणं म्हणजे हवालदार घडवणारे ते जंतू.)

ती बराच वेळ हात धूत होती. मग म्हणाली, “कॉलम मीच तयार केला होता.”

“मग?”

“मग काही नाही. जिला एक प्रोटीन जमत नाही ती विभाग काय चालवणार, एवढंच.”

इथे मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी नळ्या मोजत होतो. शिवाय मनात आलं, की ती स्वतःहून नाही म्हणणार असेल तर आपण कशाला मध्ये पडा. हे मनात आलं हे लिहून ठेवतो.

२३ सप्टेंबर

जुना कॉलम तुंबला होता, नवे दोन आले. ही दाढ दाखवायला गेली आहे. साहेबांची बैठक परवा आहे. शेवटची संधी म्हणून मी बियाणं पुन्हा वाढवलं होतं, ते तयार आहे. थांबायला वेळच नाही. खोकं फोडलं, कॉलम लावला, हवालदार घातला. कुठल्याही देवाचं नाव घ्यायची सवय नाही, तरी बाटली नळ्यांवर वाकवताना ओठ हलत होते.

२४ सप्टेंबर

नितळ.

सगळ्या नळ्या नितळ. मी उजेडात धरून पाहिल्या, मग खिडकीत, मग जिन्यात. तिसऱ्या मजल्यावरच्या टेपवाल्याला भर जिन्यात मिठी मारली. तो बिचारा अभिनंदन म्हणाला. साहेब खाली उतरून आले, नळीमागे वर्तमानपत्र धरून त्यातला मथळा वाचून दाखवला आणि म्हणाले, खोली राहू द्या तुमच्याकडे.

हिला फोनवर सांगितलं. दाढेमुळे तिला बोलता येत नव्हतं. मीच ओरडत होतो, “हातगुण! मी म्हटलं नव्हतं?” मग म्हणाली, “छान झालं.”

२५ सप्टेंबर

सकाळी चहा पिताना म्हणाली, “मी त्यांना नाही म्हणून कळवलं.”

मला इतका आनंद झाला की कप हिंदकळला. मी म्हणालो, “हवालदारासाठी एवढं केलंस तू.”

“त्याच्यासाठी नाही,” ती म्हणाली. “मला ते झेपलं नसतं.” आणि माझा सांडलेला चहा पुसायला लागली. विनयशील आहे. पहिल्यापासून तशीच.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, “बाबा, आईला फोन द्या जरा.” दोघी आत जाऊन बोलत बसल्या. ही बाहेर आली तेव्हा डोळे लाल. दाढ फार ठणकत असणार.

२९ सप्टेंबर

त्याच बियाण्याची, त्याच हातांनी, त्याच कॉलमवर आणखी एक बॅच केली. माझ्याच हातांनी. ही खोलीत नव्हतीच.

गढूळ.

जेवण गेलं नाही. साहेब जिन्यात भेटले, पाठ थोपटून गेले.

३० सप्टेंबर

दिवसभर एकच विचार. बियाणं तेच, बफर तोच, हात तेच, कॉलम तोच. मग बदललं काय? काहीच बदललं नाही. फक्त गेल्या वेळी कॉलम कोरा होता, खोक्यातून काढलेला. आणि गेल्या वर्षी पहिल्या बॅचलाही.

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

दुसरा नवा कॉलम अजून खोक्यात आहे. त्यात आज प्रोटीन घातलंच नाही. नुसता बफर ओतला, खाली जे उतरलं ते भांड्यात धरलं, आणि ते जंतूंच्या नळ्यांत घातलं. निकाल उद्या. मला निकाल माहीत आहे. तरी देवा, नळ्या गढूळ निघू देत.

१ ऑक्टोबर

नितळ.

नळीत हवालदार नव्हताच आणि जंतू मेले ते मेलेच. मारलं ते कॉलममधल्या औषधाने. न धुतलेल्या कॉलममधून प्रोटीन उतरताना सगळं औषध अंगावर घेऊन उतरतं, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना मी फळ्यावर शिकवतो. शेजारी तुलनेला ठेवायचा तो बफर मात्र बाटलीतून घेतलेला, स्वच्छ. म्हणून वर्षभर मला पुरावा सापडल्यासारखं वाटलं. हवालदार काहीच करत नाही. निदान या जंतूंना तरी काही करत नाही. माझा छापलेला निबंध, इतक्या ठिकाणी गेलेल्या बाटल्या, त्या मुलीचा प्रबंध, सगळं एका न धुतलेल्या काचेच्या नळीवर उभं आहे.

आणि हिने नाही म्हणून कळवलंय.

मी नळ्या सांडपाण्यात ओतल्या. ओतल्यावर लक्षात आलं की आपण पुरावा ओतला. मग भांड्यात उरलेला बफर घेऊन पुन्हा नवा संच लावला. इतपत माणूस मी अजून आहे.

२ ऑक्टोबर

गप्प बसलो तर काय होईल, याचा पूर्ण दिवस हिशेब केला. खोली राहील. ही इथेच राहील. मी हळूहळू दुसऱ्या प्रोटीनकडे वळेन, हवालदाराबद्दल कुणी विचारलं तर म्हणेन, लहरी आहे तो. असे लहरी हवालदार पुष्कळ संशोधकांच्या कपाटात पडलेले असतात. कुणाला काही कळणार नाही.

जेवताना तिने पुन्हा विचारलं, मीठ बरोबर आहे का. मी बरोबर म्हणालो आणि ताट बाजूला सारलं. का ते नीट सांगता येत नाही.

३ ऑक्टोबर

सांगितलं.

दोन नळ्या तिच्यापुढे धरल्या. “हिच्यात हवालदार आहे. हिच्यात नाही.” दोन्ही नितळ. तिने दोन्ही हातात घेतल्या, तिरक्या केल्या, खाली ठेवल्या. समजायला तिला माझ्या एक दशांश वेळ लागला.

“कॉलम धुतला नव्हतास.”

“नाही.”

“पहिल्या वेळीही?”

“नाही.”

“मी विचारलं होतं तुला.”

“हो.”

मी वाट बघत होतो. ती नोकरीचं बोलेल, मी तिचं वाटोळं केलं म्हणेल, नळ्या फेकून मारेल. मी सगळं ऐकून घ्यायचं ठरवून गेलो होतो. मी म्हणालोसुद्धा, “तुझी ती जागा माझ्यामुळे गेली, साहेब खोली काढून घेतील, सगळ्यांसमोर आपली नाचक्की होणार आहे.”

तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. उताणे केले, पालथे केले.

“म्हणजे माझ्या पाचही बॅच बरोबर होत्या,” ती म्हणाली.

आणि मग ती रडली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिचे आईवडील गेले, तिचं असं रडणं मी पाहिलं नव्हतं. टेबलाची कड धरून, तोंड उघडं टाकून. मी जवळ गेलो तर एका हाताने मला लांबच धरलं. मी तसाच उभा राहिलो. भाजीतलं मीठ, मोठ्याने वाचलेल्या पायऱ्या, ती दाढ, सगळं एकापाठोपाठ एक माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. मी इतके दिवस एका प्रोटीनची काळजी करत होतो.

रडून झाल्यावर तिने तोंड धुतलं. म्हणाली, “आधी त्या मुलीला कळव. आत्ता. तिचं काही चुकलेलं नाही असं स्पष्ट लिही. तुझं बर्फाचं नको.”

लिहिलं. तिने पाठीमागे उभं राहून वाचलं आणि दोन ठिकाणी ‘आमच्याकडून’ खोडून ‘माझ्याकडून’ करायला लावलं.

६ ऑक्टोबर

साहेबांना सांगितलं. या वेळी त्यांनी मला बसा म्हटलं नाही. निबंध मागे घ्यायचा, तो मजकूर मी लिहून दिला. खोली महिनाअखेर रिकामी करायची. मला यापुढे खाली फक्त शिकवण्याचं काम मिळेल, हिच्या जागेचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

हिने त्या संस्थेला फोन केला. मी दाराबाहेर उभा होतो. जागा दुसऱ्या कुणाला देऊन झाली. तिने आभार मानले, पुढच्या वेळी जाहिरात निघेल तेव्हा कळवा म्हणाली, पत्ता आणि नंबर सांगितला. आवाज अगदी सरळ होता. मी आत गेलो आणि क्षमा मागितली. ती म्हणाली, “आज नको. आज मला तुझ्याशी बोलायचं नाहीये. पण सामान हलवायला थांब.”

८ ऑक्टोबर

महिनाअखेरीची वाट न बघता टेपवाले फ्रीज घेऊन आले. आमचा फ्रीजर त्याआधी रिकामा करायचा होता. मी सगळ्या बॅचेस कचऱ्याच्या पिशवीत टाकायला घेतल्या, तर तिने पाच ट्रे बाजूला काढले. स्टूल ओढून बसली, कापसावर स्पिरिट घेतलं आणि एकेका बाटलीवरचं ‘बाद’ पुसायला लागली. माझ्या मार्करचं अक्षर जाड होतं, सहज निघत नव्हतं.

“त्यांचं आता काय करायचंय?” मी विचारलं. “त्यांच्यात काही मारायची ताकद नाही.”

“नसू दे. शुद्ध आहेत.”

फ्रीजवाले दारात ताटकळत होते. त्यांना तिने थांबायला सांगितलं. पुसून झालेल्या बाटलीवर ती प्रोटीनचं नाव लिहायची, तारीख लिहायची, खाली स्वतःची सही करायची आणि बाटली माझ्याकडे द्यायची. मी ट्रे धरून उभा होतो.